पुस्तकावरचा सिनेमा आणि मध्यरात्रीचा पहिला शो: मराठवाड्यातल्या वाचकांसाठी

जादू, राज्यं आणि लढायांच्या जाडजूड कादंबरीवर सिनेमा आला आणि त्याचा पहिला शो मध्यरात्री असेल, तर तिकीट काढताना पहिली गफलत तारखेची होते. गुरुवारची रात्र सरून १२:०५ ला सुरू होणारा शो कॅलेंडरप्रमाणे शुक्रवारचा, पण आपल्या डोक्यात तो 'गुरुवार रात्रीचा' असतो. पैसे भरण्याआधी वार, तारीख आणि वेळ तिन्ही वाचा. शंका आली तर थिएटरच्या खिडकीवर विचारून घ्या. त्याच पानावर भाषा आणि प्रकारही लिहिलेला असतो. पुस्तक ज्या भाषेत मनात बसलंय त्याच्या जवळची भाषा निवडा. हिंदी डबिंगमध्ये कधी कधी जागांची आणि मंत्रांची नावं बदलतात आणि वाचणारा पहिला अर्धा तास अडखळत राहतो. सोबत लहान मुलं असतील तर मात्र हिंदीच बरं.

थ्रीडी आणि टूडी दोन्ही असतील तर टूडी घ्या. थ्रीडीच्या चष्म्यातून निम्म्याहून जास्त प्रकाश कमी होतो, आणि अशा कथांमधली भुयारं, रात्रीच्या लढाया, धुकं आधीच काळोखी असतात. खुर्ची मधल्या पट्ट्यात, पडद्यापासून दोन-तृतीयांश अंतरावर घ्या. हॉलचा आवाजही साधारण तिथे बसूनच जुळवलेला असतो. सेन्सॉरचं प्रमाणपत्रही पाहा. 'यूए १३+' असेल तर पालकांनी ठरवायचं. 'ए' असेल तर १८ खालच्यांना प्रवेशच नाही, मग आई-वडील सोबत असोत वा नसोत. कॉलेजातल्या पोरांनी आधार कार्ड खिशात ठेवावं.

परभणी, बीड, धाराशिव, हिंगोलीसारख्या गावात असा शो जाहीर झालाच नसेल तर थिएटरच्या मॅनेजरला दोन-तीन आठवडे आधी गाठा, आणि रिकाम्या हाताने नको: किती जण नक्की येणार, त्यांची यादी आणि आगाऊ पैसे यावरच बोलणं पुढे सरकतं. वितरकाची परवानगी त्यांनाच मागावी लागते. ठरलेल्या वेळेआधी सिनेमा लावा, असा आग्रह धरू नका. आजचा सिनेमा कुलूपबंद फाइल म्हणून येतो आणि त्याची डिजिटल किल्ली, म्हणजे केडीएम, ठरलेल्या मिनिटाआधी चालतच नाही. तिथे मॅनेजरचा इलाज नसतो.

आता पुस्तक. ६०० पानांचं असेल तर रोज ४० पानं धरून १५ दिवस लागतात, आणि वाचन शोच्या दोन दिवस आधी संपलं पाहिजे. त्याच संध्याकाळपर्यंत वाचत बसलं की पडद्यावरचं प्रत्येक वाक्य पानाशी ताडून पाहिलं जातं आणि सिनेमा निसटतो. एका पुस्तकाचे दोन सिनेमे होणार आहेत का, हे आधी पाहून घ्या. तसं असेल तर सगळं घाईने वाचण्यापेक्षा पहिला अर्धा भाग नीट वाचलेला चांगला. पुस्तकातल्या नकाशाची झेरॉक्स काढा आणि मागच्या कोऱ्या बाजूला दहा नावं लिहा: कोण, कोणाचा, कोणत्या राज्याचा. पुस्तक न वाचलेल्या भावंडांना हा कागद शोआधी द्या. दहाच नावं, आणि शेवट अजिबात सांगू नका.

काय गाळलं जाईल याची मनाशी तयारी ठेवा. गाणी, आडवाटेचे प्रसंग आणि नायकाच्या मनातलं बोलणं सहसा आधी जातं. दोन छोटी पात्रं मिळून एक होतं. टॉल्किनच्या 'द फेलोशिप ऑफ द रिंग' या कादंबरीवरच्या २००१ च्या सिनेमात टॉम बॉम्बाडिल हे पात्र पूर्ण गाळलं होतं, तरी प्रवासाची मूळ ओढ टिकली. आवडतं प्रकरण गेलं म्हणून तिथेच हळहळत बसलात तर पुढची दहा मिनिटं हातची जातात.

वेशभूषा करणार असाल तर झगा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात देखणा. ५८ इंची पन्ह्याचा गडद सूटिंगचा कपडा अडीच मीटर घ्या. संभाजीनगरात गुलमंडीवर मिळेल. कपडा जमिनीवर पसरा, लांब काठाच्या मधोमध खूण करा, तिथे दोरी धरून खडूने दोन अर्धवर्तुळं आखा: १३ सेंटिमीटरचं गळ्यासाठी, १२३ सेंटिमीटरचं घेरासाठी. गळा ४१ सेंटिमीटर भरतो, लांबी ११०. म्हणजे झगा पोटरीपर्यंत येतो, आणि तेवढाच हवा; हॉलच्या अंधाऱ्या पायऱ्यांवर जमिनीला टेकणारा झगा मागच्याच्या पायाखाली येतो. कापल्यावर लगेच खालची दुमड घालू नका. रात्रभर टांगून ठेवा, कारण गोलाईतला तिरका भाग वजनाने खाली ओघळतो. सकाळी घेर सारखा करून मग शिवा. हिमरूची पट्टी लावायची असेल तर पुढच्या सरळ काठांनाच लावा, गोल घेरावर सरळ पट्टी चुण्या धरते. सॅटिन नको: खुर्चीवरून घसरतं आणि शांत प्रसंगात सळसळतं. रिक्लायनर खुर्ची असेल तर बसण्याआधी झगा पुढे मांडीवर घ्या, नाहीतर काठ खुर्चीच्या सांध्यात अडकून फाटतो. तलवार, काठी घरीच ठेवा, दारावर काढून घेतात. उंच टोपीही नको, मागच्याने पडदा बघायचाय.

बाहेरचं खाणं अडवण्याचा हक्क थिएटरला आहे, पण पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तसं स्पष्ट केलंय. पोटभर जेवून जा, पण साडेनऊच्या आत, नाहीतर मध्यंतराआधीच डोळे मिटू लागतात. डिसेंबरातला शो असेल तर शाल हवीच. वीज गेली आणि जनरेटर लागला तरी पडदा लगेच उजळत नाही. जुन्या प्रोजेक्टरच्या झेनॉन दिव्याला थंड होऊ द्यावं लागतं आणि सिनेमा चालवणारा सर्व्हर पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटं जातात. आरडाओरड करून ती मिनिटं कमी होत नाहीत.

शो पाहायला संभाजीनगरला जाणार असाल तर परतीचा हिशेब तिकिटाआधी करा. १२ चा शो, जाहिराती-ट्रेलर १५ मिनिटं, मध्यंतर १५, सिनेमा अडीच तासांचा: तुम्ही ३ वाजता बाहेर. मुंबईहून येणारी देवगिरी एक्सप्रेस पहाटे चारच्या सुमारास संभाजीनगर स्थानकात येते आणि जालना, परभणी करत नांदेडकडे जाते, त्यामुळे तिकडच्या वाचकांना ती सोयीची. त्या तारखेची वेळ आधी तपासा. पण सिनेमा 'रिटर्न ऑफ द किंग'सारखा २०१ मिनिटांचा असेल तर ३:५१ होतात आणि गाडी हुकते. मग संभाजीनगरातच नातेवाइकांकडे मुक्काम ठरवा किंवा पहाटेची एसटी धरा. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर एकाने दुपारी दोन तास झोप काढलेली असावी, आणि परतताना स्टेअरिंग त्याच्याच हातात. गाळपाच्या हंगामात रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या असतात, शेताजवळ रोही अचानक आडवे येतात. दुचाकीवाल्यांना समृद्धी महामार्गावर प्रवेश नाही, म्हणून जालन्याकडे जाताना जुनाच रस्ता धरावा लागतो, तोही उजाडल्यावर.