आधी पायी, मग चाकावर: पुण्याहून कुटुंबासह ऑफ-रोडिंग आणि तंबूतला मुक्काम

पौडच्या बाजूने निघावे किंवा कात्रजच्या बोगद्यातून नसरापूरकडे जावे, पुण्यातला माणूस दोन-अडीच तासांत सह्याद्रीच्या ऐन घाटमाथ्यावर पोहोचतो. शनिवारी पहाटे निघून रविवारी संध्याकाळी घरी परतता येईल इतक्या जवळ मुळशी, वेल्हे आणि भोरची डोंगरराने आहेत, आणि मुलांना एक रात्र तरी तिथे आकाशाखाली ठेवावे असे मला मनापासून वाटते. मात्र कच्च्या वाटेवर गाडी घालणे आणि रानात मुक्काम करणे या दोन्ही गोष्टी नीट आखूनच कराव्या लागतात. गेल्या काही वर्षांत मी जे शिकलो, त्यातले सर्वांत महत्त्वाचे आधीच सांगतो: ज्या जागेबद्दल मनात शंका येईल तिथे गाडी थांबवावी, खाली उतरावे आणि ती जागा पायाने तपासल्याशिवाय चाक पुढे टाकू नये. पुढच्या सगळ्या पायऱ्यांमध्ये हाच नियम पुन्हा पुन्हा येईल.

पहिली पायरी: हंगाम आणि जागा ठरवणे

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ कुटुंबासाठी सर्वांत चांगला. पुणे शहरात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तर अवघ्या साठ-सत्तर किलोमीटरवरच्या ताम्हिणीच्या माथ्यावर त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे पावसाळ्यात दरडी कोसळतात, ओढे तासाभरात फुगतात आणि लाल चिखलात चारही चाके फिरूनही गाडी जागची हलत नाही. फेब्रुवारीनंतर गवत पूर्ण वाळते आणि वणव्याची भीती सुरू होते. तापलेल्या सायलेन्सरला अडकलेले कोरडे गवतही पेट घेऊ शकते, म्हणून त्या दिवसांत गवताळ माळावर गाडी नेऊच नये.

जागा निवडताना नकाशावर मोकळे दिसणारे पठार मोकळेच आहे असे समजू नये. घाटमाथ्यावरची जमीन कोणाची तरी खासगी असते, गावाचे गायरान असते, धरणासाठी संपादित केलेली असते किंवा वन विभागाची असते. ताम्हिणीचा सुमारे 49 चौरस किलोमीटरचा भाग 2013 पासून अभयारण्य आहे आणि भीमाशंकर 1985 पासून. अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश किंवा मुक्काम करणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा भंग ठरतो, तर राखीव वनात विस्तव पेटवणे 1927 च्या भारतीय वन अधिनियमाने गुन्हा ठरवले आहे. वनजमिनीवर जायचेच असेल तर संबंधित वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आठवडाभर आधी जाऊन लेखी परवानगी मागावी. शंका असल्यास वन विभागाच्या 1926 या मदत क्रमांकावर विचारता येते.

पहिल्याच खेपेला मी याहून सोपा मार्ग सुचवेन. पुणे-सातारा महामार्गावरून नसरापूरला वळून वेल्ह्याला यावे, तिथून केळद-मढे घाटाच्या दिशेने निघावे आणि वाटेतल्या एखाद्या गावात सरपंच किंवा पोलीस पाटील यांना भेटून, शेतकऱ्याच्या संमतीने त्याच्याच वावरात तंबू ठोकावेत. भाड्याचे पैसे आधी ठरवून द्यावेत आणि जमल्यास रात्रीच्या पिठले-भाकरीची मागणी त्याच घरी नोंदवावी. मुलांना तोरण्याचा 1403 मीटर उंचीचा माथा समोर दिसतो, गावाला चार पैसे मिळतात, आणि अडचण आली तर हाकेच्या अंतरावर माणूस असतो. या परिसरात देवरायाही पुष्कळ आहेत. देवराईत गाडी नेऊ नये, तंबू ठोकू नये आणि तिथली वाळकी काटकीही उचलू नये. गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेले ते रान आहे.

दुसरी पायरी: गाडीची तयारी

शक्यतो दोन गाड्या असाव्यात. एकटी गाडी रुतली की सारे कुटुंबच अडकून पडते. गाडी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देणारी, नसली तरी बिघडत नाही, फक्त मग गावच्या कच्च्या रस्त्यावरच समाधान मानावे आणि ओढा किंवा चिखल लागला की मागे फिरावे. फोर बाय फोर असलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: ज्या गाडीत पुढची चाके दांड्याने जोडावी लागतात, तिच्यात कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर बाय फोर लावून वळणे घेऊ नये. वळताना पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, डांबरावर त्यांना घसरायला वाव मिळत नाही आणि सारा ताण यंत्रणेवर येतो.

निघण्यापूर्वी ब्रेक, इंजिन ऑइल, कूलंट, बॅटरीची टर्मिनले आणि चाकांचे नट तपासावेत. स्टेपनीतली हवाही पाहावी, कारण तिच्याकडे वर्षानुवर्षे कोणी लक्ष देत नाही. महामार्ग सोडण्यापूर्वी टाकी पूर्ण भरावी. सोबत हवा भरायचा 12 व्होल्टचा पंप, हवेचा दाब पाहण्याचे मीटर, ट्यूबलेस पंक्चरचा संच, जॅक आणि त्याखाली ठेवायला जाड फळी, फावडे, टोचनासाठी ताकदीचा पट्टा, दोन डी-शॅकल (पट्टा हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या) आणि एक पाच फुटी भक्कम काठी घ्यावी. पट्टा फक्त चासीला पक्क्या बसवलेल्या हुकालाच लावावा. बंपरला किंवा चाकाच्या दांडीला लावलेला पट्टा तुटला तर लोखंडाचा तुकडा गोळीसारखा सुटतो. टोचन सुरू असताना पट्ट्यावर मध्यभागी एखादे जाड घोंगडे टाकावे आणि मुलांसकट सर्वांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट तरी दूर उभे करावे.

जड सामान खाली आणि मागच्या सीटला टेकवून ठेवावे, टपावर चढवू नये. टपावरचे ओझे गाडीचा गुरुत्वमध्य वर नेते आणि आडव्या उतारावर गाडी उलटण्याचा धोका वाढवते. सुटा कुकर किंवा गॅसची टाकी एका धक्क्याने डोक्यात बसू शकते, म्हणून सगळे बांधून घ्यावे.

तिसरी पायरी: कच्च्या वाटेवर गाडी चालवणे

डांबर संपले की थांबून टायरमधली हवा कमी करावी. रस्त्यावर 32-33 पीएसआय असेल तर दगडगोट्यांवर आणि चिखलात 22 ते 25 पुरेशी ठरते. टायर जमिनीला जास्त पसरून धरतो, पकड वाढते आणि धक्केही कमी बसतात. अठराच्या खाली जाऊ नये, टायर रिमवरून सुटण्याची शक्यता असते. सगळ्यांचे पट्टे लावलेले असावेत, मूल मांडीवर नसावे, आणि सनरूफमधून किंवा मागच्या दारातून कोणीही बाहेर डोकावू नये. स्टिअरिंग धरताना अंगठे चक्राच्या आत अडकवू नयेत, कारण दगडाला चाक आपटले की चक्र झटक्यात फिरते आणि बोट दुखावते.

मोठा दगड दोन चाकांच्या मधून काढण्यापेक्षा त्यावर चाक चढवणे बहुधा सुरक्षित असते. मधला दगड डिफरन्शियलला (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या, गाडीखालच्या यंत्रणेला) किंवा ऑइलच्या चेंबरला लागतो. चारही चाके जमिनीला टेकलेली राहतील अशी रेषा निवडावी, कारण एक चाक हवेत गेले की साध्या डिफरन्शियलमध्ये सारी ताकद त्या फिरणाऱ्या चाकाकडेच निघून जाते. चढ आधी चालून पाहावा. त्याच्या माथ्यापलीकडे वळण आहे की दरी, हे गाडीत बसून दिसत नाही. थांबून लो रेंज (फोर बाय फोरमधली, कमी वेगात जास्त ताकद देणारी गिअरची जोडणी) टाकावी आणि गती सारखी ठेवून चढावे. मध्येच इंजिन बंद पडले तर गाडी वळवायचा प्रयत्न अजिबात करू नये. पाय ब्रेकवर दाबावा, हँडब्रेक ओढावा, रिव्हर्स टाकून सरळ रेषेत खाली यावे. उतरताना लो रेंजमध्ये पहिला गिअर ठेवावा, क्लचवरून पाय काढावा आणि इंजिनलाच गाडी आवरू द्यावी. ब्रेक जोरात दाबला की चाके थांबतात आणि गाडी मातीवरून घसरत जाते. कठीण जागी मुलांना उतरवून चढाच्या बाजूला, गाडीपासून बरेच दूर, एका मोठ्या माणसाबरोबर उभे करावे.

चिखलाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो. एका नोव्हेंबरमध्ये वेल्हे भागात भातखाचराच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर मी न उतरता गाडी घातली. भात कापून झाले होते, जमिनीवर कोरड्या भेगा होत्या, वाट पक्की वाटली. पुढचे डावे चाक बांधावरून खाचरात उतरले आणि खपलीसारखा वरचा थर फुटला. मी घाबरून अॅक्सिलरेटर दाबला. प्रत्येक फेऱ्यासरशी चाक खाली गेले आणि दोन मिनिटांत गाडी अॅक्सलवर टेकली. शेजारच्या शेतातले वयस्कर काका आले, हातातली काठी त्यांनी चाकाशेजारी मातीत सहज दाबली, आणि ती हातभर आत गेली. वर ओढली तेव्हा तिला करडा, ओला गाळ चिकटलेला होता. "वरनं सुकलंया, आत अजून पाणी हाय," एवढेच ते म्हणाले. त्यांच्या पुतण्याच्या ट्रॅक्टरने गाडी निघाली, पण खाचराचा बांध फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून दगड रचून तो बांध पुन्हा घातला, माझ्या मुलीनेही दगड उचलले. त्या दिवसापासून पाच फुटी काठी माझ्या गाडीत असते. चाक फिरते पण गाडी सरकत नाही असे दिसताच पाय काढावा, चाकापुढची माती फावड्याने मोकळी करावी, सपाट दगड किंवा फळ्या घालाव्यात आणि मगच हळू निघावे.

ओढा ओलांडण्याचेही तसेच. आधी मोठ्या माणसाने काठीने तळ चाचपत पलीकडे चालत जावे. पाणी गुडघ्याच्या वर असेल, किंवा चालताना पायाला ओढत असेल, तर कुटुंबाला घेऊन गाडी घालू नये. पाणी चाकाच्या मध्यापर्यंतच असेल तर लो रेंजमध्ये एकसारख्या संथ गतीने जावे, पाण्यात गिअर बदलू नये आणि थांबू नये. पलीकडे गेल्यावर दोन-तीनदा हलका ब्रेक दाबून चकत्या कोरड्या करून घ्याव्यात. मध्येच इंजिन बंद पडले आणि त्यात पाणी गेल्याची शंका असेल तर पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये. आतले भाग वाकतात.

चौथी पायरी: मुक्काम

डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चारपर्यंत जागेवर पोहोचावे. तंबू ठोकण्यापूर्वी सारी जागा फिरून पाहावी. कोरडा ओहोळ, गुरांची वाट, वाळक्या फांद्यांचे झाड आणि कड्याला आग्या मोहोळ लटकलेली जागा टाळावी. धूर आणि उग्र वासाने या माश्या चवताळतात. गाडी तंबूच्या वरच्या अंगाला कधीही उभी करू नये. हँडब्रेक, गिअर आणि चाकाखाली दगड, या तिन्ही गोष्टी असाव्यात आणि गाडीचे तोंड बाहेर जाण्याच्या वाटेकडे असावे.

स्वयंपाक गॅसच्या शेगडीवर उघड्यावर करावा. शेकोटी पेटवायचीच तर शेतकऱ्याच्या संमतीने, त्याच्या अंगणातल्या चुलीपाशी. थंडी वाजली म्हणून शेगडी किंवा कोळसे तंबूत नेणे आणि इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणे, दोन्ही प्राणघातक ठरू शकतात, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणशी दिवसाला पिण्यासाठी तीन आणि इतर कामांसाठी दोन लिटर पाणी धरावे. शौचासाठी पाण्यापासून किमान साठ मीटर दूर वीतभर खोल खड्डा खणावा आणि नंतर बुजवावा. धरणाच्या फुगवट्याच्या काठी मुक्काम असेल तर मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. काठाचा गाळ पाय धरतो आणि खोली अचानक वाढते.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप या पट्ट्यात आहेत. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याचे कित्येकदा कळतही नाही, म्हणून तळ शिवलेला तंबूच घ्यावा आणि चेन सतत बंद ठेवावी. रात्री बाहेर पडताना बूट झटकून घालावेत, विजेरी पायाशी धरावी आणि काठी पुढे टेकवत चालावे. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळून बांधू नये. माणसाला निजवून धीर द्यावा, तो अवयव फळीला सैल बांधून स्थिर करावा आणि 108 ला फोन करून रुग्णालय गाठावे. आपल्या वाटेवरच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पविषावरचे प्रतिविष आहे, हे निघण्यापूर्वीच फोन करून विचारून ठेवावे. डोंगरात मोबाइलला रेंज कुठे मिळते ती जागा येतानाच हेरावी, नकाशा आधीच उतरवून घ्यावा, आणि आपला मार्ग व परतण्याची वेळ घरी कोणाला तरी लिहून द्यावी.

जेवण झाले की सगळे दिवे बंद करून मुलांना तंबूबाहेर सतरंजीवर आडवे करावे. डिसेंबरच्या संध्याकाळी पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका आणि त्यामागोमाग मृग नक्षत्र वर येते. पुण्याच्या उजेडात पुसट दिसणाऱ्या कृत्तिका इथे मुलांना बोटाने मोजता येतात.

पाचवी पायरी: परतताना

सकाळी खरकट्यासकट सारा कचरा गोण्यांत भरून पुण्याला आणावा. डांबर लागताच टायरमध्ये पुन्हा पूर्ण हवा भरावी. कमी हवेवर महामार्गाच्या वेगाने धावल्यास टायर तापून फुटतो. गाडीखाली वाकून गवत, काटक्या, तेलाची गळती पाहावी आणि चाकांचे नट पुन्हा आवळावेत. घरी आल्यावर खालचा चिखल वाळून घट्ट होण्यापूर्वी पाण्याच्या जोराने धुवावा. तंबू वरून कोरडा वाटला तरी त्यावर दव बसलेले असते, म्हणून तो दिवसभर गच्चीवर उलटसुलट वाळवून मगच त्याची घडी घालावी.