सुरतेत नव्याने आलेल्या खानदेशी कुटुंबांसाठी: सात आसनांची गाडी निवडताना

धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून नोकरी-व्यवसायासाठी सुरतेत येऊन स्थिरावू लागलेली कुटुंबे घर, शाळा आणि रेशनकार्डाच्या जोडीने हल्ली आणखी एक प्रश्न हमखास विचारतात, तो म्हणजे मोठी गाडी कोणती घ्यावी. दुसरे अपत्य झाले आणि गावाकडचे आई-वडील वर्षातले काही महिने इकडे राहू लागले, की पाच आसनांची गाडी पुरत नाही. मी मूळचा साक्री तालुक्यातला असून उधन्यात राहून मला बराच काळ लोटला आहे. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांतल्या आपल्या मंडळींसोबत अनेक शोरूममध्ये बसून जे पाहिले आणि ऐकले, ते येथे लिहीत आहे.

गाडी निवडण्यापूर्वी ती कशासाठी लागणार आहे, हे प्रामाणिकपणे ठरवावे. सुरतेत रोज कामावर जाण्यासाठी बहुतेकांना दुचाकी पुरते, आणि आखाजी (अक्षय्य तृतीया), श्रावणातली कानबाई, लग्नसराई, एखाद्या घरी चैत्रात सप्तशृंगगड अशा वेळीच संपूर्ण कुटुंब एका गाडीत बसते. म्हणजे गाडीची खरी परीक्षा उधना दरवाजाच्या वाहतुकीत नसून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, कोंडाईबारीचा घाट, दहिवेल आणि साक्री या मार्गावर आहे. धुळ्यापर्यंत हे अंतर साधारण सव्वादोनशे किलोमीटर भरते आणि जळगावपर्यंत तीनशेच्या वर जाते. त्यातही आखाजी ऐन उन्हाळ्यात येते, जेव्हा जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो. त्यामुळे सर्व आसने भरलेली, डिकी भरलेली, एसी चालू आणि समोर चढ, या स्थितीत गाडी कशी वागेल, हाच प्रश्न मनाशी धरून शोरूममध्ये पाऊल टाकावे.

विक्रेता सात आसने दाखवतो आणि डिकीही दाखवतो, पण दोन्ही एकाच वेळी दाखवत नाही. तिसरी ओळ उभी असताना रेनॉ ट्रायबरच्या डिकीत अवघी 84 लिटर जागा उरते, मारुती एर्टिगात 209 लिटर, किया कॅरेन्समध्ये 216 लिटर, तर इनोव्हा क्रिस्टात 300 लिटर. मध्यम आकाराची एक प्रवासी बॅग साधारण 65 ते 70 लिटरची असते, हे लक्षात घेतले म्हणजे हिशोब कळतो. जाताना कपड्यांच्या बॅगा कशाबशा मावतात. परतताना मात्र आईने बांधून दिलेले दादर ज्वारीचे अर्धे पोते, बिबड्या-कुरडयांचा पत्र्याचा डबा, लोणच्याची बरणी आणि हंगाम असेल तर भरताच्या वांग्यांची पिशवी, हे सारे कोणाच्या तरी पायाशी येते. म्हणून शोरूममध्ये जाताना घरातली एक मोठी बॅग सोबत न्यावी, तिसरी ओळ उभी करायला लावावी आणि मागचे दार बंद होते का, ते स्वतः पाहावे. विक्रेत्याला हे आवडत नाही, पण पैसे आपले आहेत.

तिसऱ्या ओळीत बसूनही पाहावे, आणि तेही घरातल्या सर्वांत उंच माणसाने. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत मागच्या आसनाची बैठक जमिनीपासून फारशी उंच नसते, त्यामुळे मोठ्या माणसाचे गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार मिळत नाही. मुलांना त्याचे काही वाटत नाही. प्रौढ माणूस व्याऱ्यापर्यंत गप्प बसतो आणि त्यानंतर थांबायला सांगतो. दुसरी गोष्ट हवेची. एर्टिगाच्या बऱ्याच वर्षांच्या गाड्यांत छतातले एसीचे व्हेंट मधल्या ओळीसाठी दिलेले होते आणि मागे पोहोचत होती ती उरलेली हवा. कॅरेन्स, क्रिस्टा आणि ट्रायबरच्या वरच्या श्रेणीत तिसऱ्या ओळीला स्वतंत्र व्हेंट मिळतात. जुनी गाडी घेणाऱ्याने तर हे दुपारी बारा वाजता, गाडी उन्हात उभी असताना, मागे बसूनच तपासावे.

घरात वृद्ध असतील तर गाडीत चढण्या-उतरण्याचा विचार मायलेजच्याही आधी करावा. माझी आई गाडीत बसते तेव्हा एका हाताने लुगड्याच्या निऱ्या सावरते, दुसऱ्या हाताने मधल्या खांबावर धरायला काही आहे का ते चाचपते, आधी आडवी टेकते आणि मग एकेक पाय आत घेते. क्रिस्टासारखी उंच गाडी पुरुषांना रुबाबदार वाटते, पण गुडघेदुखी असलेल्या बाईला तिच्यात चढायला कोणीतरी हात द्यावा लागतो. एर्टिगा आणि कॅरेन्समध्ये बैठक त्या मानाने सोयीच्या उंचीवर येते. गाडी ठरवताना आई-वडिलांना शोरूममध्ये न नेता केवळ मोबाइलवर फोटो दाखवून होकार घेणारे लोक मी पाहिले आहेत. त्या होकाराला काही अर्थ नसतो.

आता एकेका गाडीविषयी. ट्रायबर चार मीटरपेक्षा थोडी आखूड आणि लहान इंजिनाची असल्याने 22 सप्टेंबर 2025 पासून तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागतो, तर चार मीटरपेक्षा लांब असलेल्या एर्टिगा आणि कॅरेन्सवर 40 टक्के. किमतीतल्या फरकाचा एक मोठा भाग येथूनच येतो. तिची तिसऱ्या ओळीची आसने काढून घरी ठेवता येतात आणि मग डिकी 625 लिटरची होते, ही सोय खरोखर चांगली आहे. परंतु इंजिन एक लिटरचे, तीन सिलिंडरचे आणि 72 पीएस शक्तीचे आहे. चार-पाच माणसांना ते पुरते. सात माणसे, सामान आणि चालू एसी घेऊन कोंडाईबारीत ट्रकच्या मागे अडकल्यावर मात्र ओव्हरटेक करण्याचा विचार सोडून द्यावा लागतो. ज्यांचा वावर प्रामुख्याने शहरात आहे आणि क्वचितच सहावा-सातवा माणूस असतो, त्यांच्यासाठी ती योग्य आहे, आणि अरुंद गल्लीत उभी करायलाही तीच सर्वांत सोपी.

एर्टिगा ही आपल्या लोकांची ठरलेली निवड आहे, आणि त्यामागे कारणे आहेत: दीड लिटरचे 103 पीएस शक्तीचे पेट्रोल इंजिन, तालुक्याच्या गावीही सापडणारा मेकॅनिक आणि विकताना मिळणारी किंमत. टोयोटाची रुमियन हीच गाडी वेगळ्या नावाने येते आणि एक्सएल सिक्स ही तिचीच सहा आसनी आवृत्ती आहे. प्रश्न येतो तो सीएनजीचा. सुरतेत सीएनजी सहज मिळत असल्यामुळे नव्याने आलेला प्रत्येकजण तिकडेच वळतो. कंपनीच्या दाव्यानुसार पेट्रोलवर लिटरला 20.51 आणि सीएनजीवर किलोला 26.11 किलोमीटर मिळतात. भरलेल्या गाडीत दोन्ही आकडे खाली येतात. गॅसवर इंजिनाची शक्ती 88 पीएसपर्यंत उतरते, हे घाटात जाणवते. पण त्याहून मोठी अडचण अशी, की गॅसची टाकी तिसऱ्या ओळीच्या मागे, म्हणजे नेमकी डिकीच्या जागेत बसते. वर सांगितलेले 209 लिटर मग कागदावरच राहतात, दादरचे पोते तर सोडूनच द्या.

टाकीची पाणी-क्षमता 60 लिटर असली तरी प्रत्यक्षात आठ-नऊ किलो गॅस बसतो, त्यामुळे सुरतेहून धुळे एका भरण्यात गाठणे काठावरचे काम आहे. बारडोली-व्यारा परिसरातच टाकी पुन्हा भरून घ्यावी. धुळे-जळगावकडेही सीएनजी मिळतो, परंतु पंप मोजके आहेत, आणि ज्या पंपांना गॅस पाइपलाइनऐवजी ट्रकमधून येतो तेथे ट्रक येईपर्यंत रांग हलत नाही. शिवाय भरताना सुरक्षिततेसाठी सर्वांना खाली उतरावे लागते. रिक्षांच्या रांगेत अर्धा तास थांबल्यावर झोपलेले मूल खांद्यावर आणि सासूबाईंचा हात हातात, अशी कुटुंबे पंपाच्या कडेला उभी असतात. गॅसची बचत मोजताना हेही मोजावे. टाकीची दर तीन वर्षांनी दाब-चाचणी करून घ्यावी लागते, तो खर्च किरकोळ असला तरी तारीख विसरू नये. माझे मत असे, की गाडी रोज शहरात भरपूर फिरणार असेल तर सीएनजी घ्यावी, आणि प्रामुख्याने गावी जाण्यासाठीच घ्यायची असेल तर सरळ पेट्रोल घ्यावी.

कॅरेन्स 2022 मध्ये आली आणि कौटुंबिक वापराच्या दृष्टीने ती एर्टिगाच्या एक पायरी वर आहे. वरच्या श्रेणींत मधले आसन बटण दाबताच पुढे दुमडते, त्यामुळे मागे जाणे वृद्धांनाही जमते, आणि सहा एअरबॅग तिच्यात पहिल्यापासून सर्व श्रेणींत आहेत. तिचे 116 पीएसचे डिझेल इंजिन घाटात भरलेली गाडी सहज ओढते, कारण त्याचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, 250 न्यूटन-मीटर आहे, तर एर्टिगाच्या पेट्रोलचा 140 हूनही कमी. मात्र आजच्या डिझेल गाड्यांत धूर गाळणारा डीपीएफ असतो. तो स्वच्छ राहण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग चालवावी लागते. जिची धाव रोज चार-पाच किलोमीटरच्या शाळा-बाजारापुरतीच असेल, ती डिझेल गाडी इशाऱ्याचा दिवा दाखवू लागते आणि सर्व्हिस सेंटरची वारी सुरू होते.

इनोव्हाविषयी आपल्याकडे श्रद्धाच आहे. क्रिस्टा शिडीसारख्या मजबूत चौकटीवर बांधलेली, मागच्या चाकांवर चालणारी, 2.4 लिटर डिझेलची गाडी आहे आणि प्रौढांना तिसऱ्या ओळीत बसवून लांबचा प्रवास करायचा असेल तर या यादीत तिला तोड नाही. हायक्रॉस या दुसऱ्या इनोव्हाची बांधणी मोटारीसारखी सलग असून ती पुढच्या चाकांवर चालते. तिची हायब्रिड आवृत्ती शहरात इंधन वाचवते आणि 2025 मध्ये भारत एनकॅपच्या (गाड्यांच्या अपघात-सुरक्षेच्या) चाचणीत हायक्रॉसला पाच तारे मिळाले. दोन्हींच्या किमती नवीन आलेल्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर जातात, म्हणून लोक जुनी क्रिस्टा शोधतात, आणि तेथेच काळजी हवी. इनोव्हा टॅक्सी म्हणून अफाट चालते. आरसी पुस्तकात वाहन पूर्वी व्यावसायिक होते का ते पाहावे, आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून नंबरवरून जुन्या नोंदी काढून मीटरवरच्या किलोमीटरशी ताडून घ्याव्यात. मागच्या आसनांची झिजलेली कड आणि मधल्या दाराची सैल झालेली मूठ, या दोन ठिकाणी टॅक्सीचा वापर लपत नाही. कर्ज बाकी असेल तर नमुना 35, मालकी बदलासाठी 29 आणि 30, आणि गाडी महाराष्ट्रातून आणणार असाल तर नमुना 28 ची एनओसी, ही कागदपत्रे हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये, विक्रेता नात्यातला असला तरी.

बाजूला सरकणारी दारे गल्लीत फार उपयोगी पडतात, पण ती मिळतात एकतर ईकोमध्ये, जी आता पाच किंवा सहा आसनीच येते, किंवा कियाच्या कार्निव्हलसारख्या महागड्या गाडीत, जिच्या किमतीत डिंडोलीत सदनिका मिळू शकेल.

मुलांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे: मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवल्यास एक हजार रुपये दंड आहे. चाइल्ड सीट मधल्या ओळीत आयसोफिक्सच्या, म्हणजे ती अडकवण्यासाठी आसनात दिलेल्या, कड्यांना बसते. ती बसवली की त्या बाजूचे आसन दुमडता येत नाही, म्हणून ज्या बाजूने मागे जायचे ती बाजू मोकळी ठेवावी. तिसरे मूल किंवा भाचेमंडळी सोबत असतील तर सहा आसनी गाडीत मधल्या ओळीतल्या दोन सुट्या आसनांच्या (कॅप्टन सीटच्या) मधून मागे जाता येते, ही तिची जमेची बाजू. सुरक्षेच्या ताऱ्यांची तुलना करताना चाचणीचे वर्षही पाहावे: ग्लोबल एनकॅपमध्ये एर्टिगाला 2019 मध्ये तीन आणि ट्रायबरला 2021 मध्ये चार तारे मिळाले, पण 2022 च्या मध्यापासून निकष कडक झाले, त्यामुळे जुने आणि नवे तारे एका रांगेत मांडता येत नाहीत.

पासिंग कोठले करावे, यावर बरीच चर्चा होते. आधार आणि रेशनकार्ड गावचे असल्यामुळे अनेकांना धुळ्यात एमएच 18 किंवा नंदुरबारला एमएच 39 करून घेणे सोपे वाटते. परंतु गाडी जेथे नेहमी राहणार तेथेच तिची नोंदणी अपेक्षित आहे, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्यास तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. शिवाय खासगी मोटारीवर गुजरातचा एकरकमी कर सहा टक्के आहे, तर महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला तो अकरा टक्क्यांपासून सुरू होतो. म्हणून नोंदणीकृत भाडेकराराच्या आधारे आधी सुरतेचा पत्ता करून घ्यावा आणि मग गाडी बुक करावी. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड अवश्य घ्यावी, कारण लिंबायत-पर्वत पाटिया भागात खाडीचे पाणी चढले की तळघरातली गाडी सर्वांत आधी बुडते, आणि पाणी शिरलेले इंजिन सुरू केल्याने झालेले नुकसान साध्या पॉलिसीत सहसा धरले जात नाही.

एक शेवटची बाब, जी शोरूममध्ये कोणी सांगणार नाही. सात आसनांची गाडी दारात उभी राहिली, की सोसायटीतल्या प्रत्येक साखरपुड्याला तिची आठवण होते. नातलगाला प्रेमाने गाडी देणे हा आपला प्रश्न आहे. पण पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची, गाडी डिझेलपेक्षा एक रुपया जास्त घेऊन दिली तरी ते भाड्याने देणे ठरते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. भाऊ-दादांना हे पहिल्याच आखाजीला, हसत हसत पण स्पष्टपणे सांगून टाकावे.