पॅडलव्हीलची जुनी बोट घेऊन त्यात राहायचंय? आधी वजनाचा हिशोब करा

फळ्यांच्या मोठ्या चाकाने (पॅडलव्हील) पाणी ढकलत चालणारी जुनी बोट घ्यायची, नीट करायची आणि तिच्यातच संसार थाटायचा, हे जमतं आणि फार छान जमतं. पण याबद्दल मिळणारा सल्ला बघितला तर सगळा रंग, फर्निचर आणि इंजिनाभोवती फिरत असतो, आणि जी गोष्ट बोटीची खरी वाट लावते तिच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. ती गोष्ट म्हणजे तुम्ही बोटीत जे घर भरणार आहात त्याच्या वजनाने चाक पाण्यात किती बुडणार.

जागा आणि कागद. बोट बांधून कायम राहायची लेखी परवानगी मिळेल अशी जागा हातात आल्याशिवाय बोट बघायलासुद्धा जाऊ नका. मालकीचे कागद बघा, बोटीवर कोणाचं कर्ज किंवा बोजा नाही ना ते बघा.

चाक खरं आहे का बघा. बऱ्याच बोटींचं चाक नुसतं शोभेला फिरतं आणि बोट खालच्या प्रोपेलरवर चालते. राहायला तीही चालेल, पण मग खऱ्या चाकाचे पैसे देऊ नका. खरं चाक असेल तर ताकद कशातून येते ते विचारा. छोट्या बोटींवर हायड्रॉलिक मोटर, चेन, किंवा ट्रकचा मागचा ॲक्सल असं काहीही निघू शकतं आणि यातलं काहीच वाईट नाही, पार्ट मिळतायत ना एवढंच बघा. दोन्ही बाजूंना चाकं असलेली बोट मला स्वतःला राहायला नको वाटते, मधली रुंद जागा शाफ्ट आणि चाकाच्या पेट्या खातात, आणि दोन्ही चाकं एकाच शाफ्टवर असली तर एक पुढे एक मागे फिरवून बोट वळवताही येत नाही. राहायला मागच्या चाकाचीच घ्या.

हल, म्हणजे पाण्यात बसणारा भाग. बोट पाण्याबाहेर काढून, तुम्ही नेमलेल्या सर्व्हेयरकडून तपासा, विकणाऱ्याने दिलेला रिपोर्ट कितीही जाड असला तरी तो बाजूला ठेवा. पोलादी हल असेल तर अल्ट्रासॉनिक मीटरने जाडी मोजतात, मूळ ६ मिमीचा पत्रा कुठे ४ च्या खाली गेला असेल तर इन्शुरन्सला अडचण येऊ शकते हे धरून भाव करा. पाणरेषेचा पट्टा आणि आतून बिल्जचा, म्हणजे बोटीत सगळ्यात खाली पाणी साचतं त्या जागेचा, तळ, या दोन ठिकाणी जास्त रीडिंग घ्यायला लावा, कारण आत साचलेलं पाणी पत्रा आतून खातं आणि बाहेरचा रंग चकाचक दिसत राहतो. लाकडी हल म्हटलं की लोक पळतात, तेवढं घाबरू नका. ऑस्ट्रेलियात एचुकाला १८६६ साली बांधलेली पीएस ॲडिलेड ही वाफेवरची चाकाची बोट रेड गम लाकडाच्या हलवर अजून चालते. लाकूड कुजतं ते बहुतेक वरून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने, म्हणून डेकच्या कडा आणि खिडक्यांखालचे कोपरे टोच्याने टोचून बघा, टोच्या लोण्यात शिरल्यासारखा आत गेला तर तो भाग बदलायचा.

जुन्या पाइपांवर पांढरट लेप असेल तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो, स्वतः खरवडू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासू नका.

आता वजन. सगळ्या कामात याच टप्प्याने मला सर्वात जास्त छळलं आणि म्हणून इथे मी थांबून सांगणार आहे.

मागच्या चाकाची फळी सगळ्यात खाली आली की पूर्ण बुडलेली असावी आणि तिच्या वरच्या कडेवर दोन-चार सेंटिमीटर पाणी असावं, बस. त्याहून वर राहिलं तर चाक नुसतं पाणी उडवतं आणि बोट पुढे जात नाही. जास्त बुडालं तर अजून वाईट, कारण फळी बाहेर येताना पाणी उचलून वर नेते, सगळी ताकद त्यात जाते, इंजिन तापतं, बेअरिंग झिजतात, आणि माणूस मोठं इंजिन बसवायला निघतो! मोठं इंजिन म्हणजे अजून वजन. ते बहुतेक मागेच बसतं, चाक अजून बुडतं.

हिशोब साधा आहे, कागद घ्या. समजा बोट १८ मीटर लांब, ५ मीटर रुंद, चौकोनी पेटीसारखी. पाण्यावरचं क्षेत्रफळ ९० चौरस मीटर, म्हणजे गोड्या पाण्यात दर एक टनाला बोट साधारण १.१ सेंमी खाली बसते. वाचून वाटतं की हे काहीच नाही. पण ते वजन बरोबर मध्ये ठेवलं तरच. तोच टन अगदी पिछाडीच्या टोकाला ठेवला तर पिछाडी चौपट, म्हणजे साडेचार सेंमीच्या आसपास खाली जाते आणि नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलली जाते. तुमचं चाक पिछाडीलाच आहे! एका टनात तुम्ही आख्खं गणित घालवून बसता. आणि एक टन म्हणजे काय, तर १००० लिटर पाण्याची टाकी. बॅटऱ्या, जनरेटर, डिझेल हे सगळं लोक सोयीचं म्हणून मागे इंजिनाजवळ कोंबतात, वर हलला वेल्डिंगने दुसरा पत्रा चढवला असेल तर ६ मिमीचा पत्रा दर चौरस मीटरला ४७ किलो.

म्हणून माझं ठाम मत, जड सामान मध्याच्या पुढे ठेवा. पेटीच्या आकाराच्या बोटीत मध्यापासून पुढे लांबीच्या एक षष्ठांशावर, म्हणजे आपल्या उदाहरणात ३ मीटर पुढे, ठेवलेलं वजन पिछाडीची उंची जवळजवळ हलवतच नाही, फक्त नाळ खाली जाते. पाण्याची आणि मैल्याची टाकी तिथे घ्या, कारण या दोन टाक्या रोज भरतात-रिकाम्या होतात आणि त्या मागे असल्या तर चाकाची खोली रोज वेगळी. टाकीच्या आत बोटीच्या लांबीच्या दिशेने उभ्या भिंती घालून घ्या, नाहीतर अर्धवट भरलेलं पाणी एका बाजूला धावतं आणि बोट कलते. छपरावर पाण्याची टाकी कोणी सुचवली तर त्या माणसाचं पुढचं काहीही ऐकू नका.

आणि हे सगळं भिंती उभ्या करायच्या आधी करून बघायचं. वाळूच्या गोण्या मोजून आणा, जिथे किचन, पलंग, टाक्या येणार तिथे तेवढ्याच वजनाच्या रचा, पिछाडीला दोन्ही बाजूंनी खडूने पाणरेषा मारा आणि बोट चालवून बघा. चालती बोट उभ्या बोटीसारखी बसत नाही, म्हणून धक्क्यालाच मोजून समाधान मानू नका. गोण्या सरकवून चाक बरोबर बसलं की जागा लिहून ठेवा. मगच सुताराला बोलवा.

याच टप्प्याला चिकटून दुसरी भानगड आहे, ती म्हणजे हॉग चेन. नाव चेन असलं तरी बहुतेक वेळा हे लोखंडी गज असतात, डेकवरच्या खांबांवरून नाळेपासून पिछाडीपर्यंत ताणलेले, मध्ये टर्नबकल, म्हणजे फिरवून ताण कमी-जास्त करायचा स्क्रू. उथळ, लांब हलवर मागे चाक टांगलं की टोकं खाली झुकतात, ती टोकं हे गज वर ओढून धरतात. आतलं घर करताना ‘मध्ये येतात’ म्हणून गज कापलेल्या बोटी मी बघितल्यात, मग दारं अडकायला लागतात, खिडकीची काच आपोआप तडकते. गज कापायचा नाही म्हणजे नाही, त्याच्या बाजूने कपाट करा. ताण द्यायचा तो बोट पाण्यात आणि वजन चढवलेलं असताना, जमिनीवर टेकूंवर असताना कधीच नाही. डेकवर टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणा, मध्ये किती अंतर पडतं ते बघा, मग दोन्ही बाजूंचे टर्नबकल जोडीने पाव-पाव फेरा. लाकडी हल असेल तर मध्ये काही दिवस जाऊ द्या, लाकूड हळूहळू जागेवर येतं. एका दिवसात सरळ करायला गेलात तर सांधे उघडतील.

बाकीचं सोपं आहे. इन्सुलेशन जाड करा, पोलादी बोटीत घाम फार सुटतो. गॅसचा सिलिंडर बाहेरच्या, तळाशी भोक असलेल्या पेटीत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर बिल्जमध्ये जाऊन बसतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीत. किनाऱ्यावरची वीज घेणार असाल तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा, नाहीतर शेजारच्या बोटींमुळे तुमचा हल गंजेल.

चाकाच्या फळ्या महागड्या कडक लाकडाच्या करू नका. फळी आतल्या आऱ्यांपेक्षा कमजोर हवी, म्हणजे ओंडका अडकला की फळी तुटते आणि आरा वाचतो, फळी यू-बोल्टने कसा म्हणजे पाण्यावरच बदलता येते. बोट उभी असताना दर आठवड्याला चाक थोडं फिरवून ठेवा, नाहीतर खालच्या फळ्या भिजून जड होतात, वरच्या वाळतात आणि चाक एका बाजूला ओढायला लागतं. फिरवून झालं की साखळीने बांधा, प्रवाहात चाक आपोआप फिरतं, आणि साखळीचं कुलूप उघडायची किल्ली इंजिनाच्या किल्लीला अडकवून ठेवा म्हणजे इंजिन सुरू करताना चाक बांधलेलं आहे याची आठवण होईल.

शेवटी चालवणं. तळ सपाट, वर घर उंच, त्यामुळे वारा बोटीला आडवी ढकलतो. मागच्या चाकाच्या बोटीत चाक उलटं फिरवलं की पाणी थेट चाकाच्या पुढे असलेल्या सुकाणूंवर येतं आणि बोट मागे जाताना छान ऐकते, तेव्हा धक्क्याजवळची कसरत मागे घेत करायला शिका, आणि वारा असेल त्या दिवशी बोट सोडूच नका.