सकाळच्या दूध तपासणीसाठी आदल्या दिवशी करायची द्रावणं

पहिलं काम बाटल्यांवरची लेबलं वाचण्याचं, हिशेब त्यानंतर. करवीर असो, कागल असो की राधानगरी, संस्थेत पहाटे कॅन उतरायला लागले की द्रावण करत बसायला सवड नसते, म्हणून हे सगळं आदल्या दुपारी उरकावं. लेबलावर तीन गोष्टी बघा: शुद्धतेचे टक्के, घनता, आणि स्फटिकात पाणी आहे का. ऑक्झॅलिक ॲसिडचा नेहमीचा स्फटिक दोन रेणू पाण्याचा, रेणुभार १२६. निर्जल बाटली आली तर ९०. तेच वजन निर्जलातून घेतलं की द्रावण चाळीस टक्के जास्त तीव्र होतं, आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

दुधाची आम्लता मोजायला एन/९ (नॉर्मल तीव्रतेच्या नवव्या भागाचा) कॉस्टिक सोडा लागतो. नववाच भाग का, तर लॅक्टिक ॲसिडचा (दूध आंबवणाऱ्या आम्लाचा) सममूल्यभार, म्हणजे एक लिटर नॉर्मल द्रावणाला लागणारं ग्रॅममधलं वजन, ९०, त्यामुळे एन/९ कॉस्टिकच्या १ मिलीला बरोबर ०.०१ ग्रॅम लॅक्टिक ॲसिड लागतं. १० मिली दूध घेतलं की ब्युरेटचा (खुणांच्या, तोटी असलेल्या नळीचा) आकडा दहाने भागायचा: १.५ मिली म्हणजे ०.१५ टक्के. त्याच बाटलीत चुकून एन/१० भरलं तर तेच दूध १.६७ मिली घेतं, ०.१७ च्या जवळ दिसतं आणि चांगल्या दुधाचा कॅन परत जातो. हे द्रावण कमजोर पडलं की नुकसान नेहमी उत्पादकाचं होतं, म्हणून या एका बाटलीवर बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वेळ द्या.

आधी प्रमाण द्रावण करा, म्हणजे कॉस्टिकची तीव्रता ज्याच्याशी ताडून बघायची ते. ऑक्झॅलिक ॲसिडचा सममूल्यभार ६३.०३, त्याचा नववा भाग ७.००४ ग्रॅम लिटरला, म्हणजे २५० मिलीच्या चंबूला १.७५१ ग्रॅम. हे वजन तीन दशांश दाखवणाऱ्या काट्यावरच घ्यावं. बीकरमध्ये विरघळवून चंबूत ओता, बीकर तीन वेळा धुऊन ते पाणीही चंबूतच जाऊ द्या, मग खुणेपर्यंत भरा.

आता कॉस्टिक. हिशेबाने ४.४४ ग्रॅम लिटरला, पण त्याच्या गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढतात. पावसाळ्यात गगनबावड्याकडे तर झाकण उघडल्यावर त्या बघता बघता ओल्या होतात. म्हणून ४.७ ग्रॅम घ्या, उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा, पूर्ण निवल्यावरच १ लिटर करा. गरम असताना खूण गाठली तर निवल्यावर पातळी खाली जाते. मग १० मिली ऑक्झॅलिक पिपेटने घेऊन कॉस्टिकने टायट्रेट करा. समजा ९.६ मिली लागलं, तर कॉस्टिक १०/९.६ पट तीव्र आहे. बाटलीत ९०० मिली उरलं असेल तर ते ९०० × १० ÷ ९.६ = ९३७.५ मिली करायचं, म्हणजे ३७.५ मिली पाणी घालायचं. हलवा आणि पुन्हा तपासा. सलग दोन वेळा १०.० आलं की झालं. बाटली प्लॅस्टिकची, बूच रबरी. काचेचं बूच कॉस्टिकमध्ये अडकून बसतं.

फिनॉल्फथॅलिन (टायट्रेशन कुठे संपलं ते गुलाबी रंगाने दाखवणारं) ०.५ टक्के: अर्धा ग्रॅम आधी ५० मिली अल्कोहोलमध्ये, मग ५० मिली पाणी. उलटं केलं तर पूड तरंगत राहते. प्रत्येक नमुन्यात ते सारखंच मोजून घाला.

अल्कोहोल चाचणीत घोळ होतो तो '६८ टक्के' या शब्दात. हे वजनाने ६८ आहे, आकारमानाने ७५. कुणी आकारमानाने ६८ केलं तर वजनाने जेमतेम ६० भरतं आणि आंबटपणाकडे झुकलेलं दूध बिनबोभाट पास होतं. ९६ टक्के स्पिरिटपासून ५०० मिली करायला ५०० × ७५ ÷ ९६ = ३९१ मिली स्पिरिट घ्या आणि पाण्याने ५०० च्या खुणेपर्यंत आणा. उरलेलं १०९ मिली पाणी मोजून ओतू नका. अल्कोहोल आणि पाणी एकत्र आल्यावर आकसतात, प्रत्यक्षात १२० मिलीच्या वर पाणी जातं. १०९ वर थांबलात तर द्रावण वजनाने ७० च्या घरात जाईल आणि ताजं दूधही फाटू शकेल.

गर्बरचं (फॅट तपासणीचं) सल्फ्युरिक ॲसिड शेवटी, गॉगल आणि हातमोजे घालूनच. हवी ती तीव्रता वजनाने ९० ते ९१ टक्के, घनता २७ अंशांना १.८०७ ते १.८१२. बाजारातलं ९८ टक्के, घनता १.८४: १ लिटर म्हणजे १८४० ग्रॅम, त्यात १८०३ ग्रॅम शुद्ध ॲसिड. १८०३ ÷ ०.९०५ = १९९२, म्हणजे सुमारे १५० मिली पाणी. बोरोसिलिकेट भांडं थंड पाण्याच्या टबात ठेवा, आत आधी पाणी, त्यात ॲसिड बारीक धारेने, थांबत थांबत. ॲसिडवर पाणी कधीही नाही. ते उकळून अंगावर उडतं. घनता निवल्यावरच मोजा. कोमट असताना घनता कमी दिसते, माणूस आणखी ॲसिड घालतो आणि सकाळी फॅटचा थर करपून काळा येतो. कमजोर असलं तर थराखाली पांढरे कण राहतात.

प्रत्येक बाटलीवर नाव, तीव्रता, तारीख आणि करणाऱ्याची सही. पहाटे पहिला कॅन उघडण्याआधी १० मिली ऑक्झॅलिक पुन्हा टायट्रेट करा: ९.९ ते १०.१ च्या आत असेल तर सुरू करा, नसेल तर आजचा गुणक (१० भागिले लागलेले मिली) बाटलीवर लिहा आणि ब्युरेटच्या प्रत्येक आकड्याला त्याने गुणा.