विकास आराखड्यावर हरकत देताय? या चुका टाळा

शहराचा प्रारूप विकास आराखडा, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला डीपी, जाहीर झाला की दोन दिवसांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर नकाशाचा एक धूसर फोटो येतो. त्यावर लाल पेनाने गोल केलेला असतो आणि खाली मजकूर असतो, 'आपल्या गल्लीतून रस्ता जातोय, सगळ्यांनी सह्या करा'. मग छापील अर्जांचा गठ्ठा महापालिकेत जातो. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये ८० हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या होत्या. इतक्या ढिगाऱ्यात एका हरकतीच्या वाट्याला सुनावणी घेणाऱ्या समितीची काही मिनिटेच येतात. तेवढ्या वेळात 'हो' किंवा 'नाही' म्हणता येईल अशी नेमकी मागणी तुमच्या कागदावर नसेल, तर मागे कितीही सह्या असोत, फाइल पुढे सरकत नाही.

शेवटच्या टप्प्यावर जागे होणे

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६ (बोलीभाषेत एमआरटीपी कायदा) नुसार आराखड्याचे टप्पे ठरलेले आहेत. कलम २३ खाली आराखडा करण्याचा किंवा सुधारण्याचा इरादा जाहीर होतो. कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो. कलम २६ खाली प्रारूप प्रसिद्ध होते आणि हरकती मागवल्या जातात. कलम २८ खाली सुनावणी होते आणि कलम ३१ खाली शासन मंजुरी देते. बहुतेक लोक कलम २६ ला उठतात. खरे काम सोपे असते ते कलम २५ ला.

कारण साधे आहे. विद्यमान वापराच्या नकाशात तुमचे खेळाचे मैदान 'रिक्त जागा' म्हणून रंगले असेल, तर पुढे त्यावर काहीही प्रस्तावित होऊ शकते. नाला दाखवलाच नसेल, तर त्यावरून रस्ता जातो. मुंबईत फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झालेल्या प्रारूपात इतक्या चुका निघाल्या की राज्य सरकारने एप्रिलमध्ये ते दुरुस्त करायला लावले. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये आले आणि मंजुरी मे २०१८ मध्ये मिळाली. पायाभूत नकाशातली चूक किती महागात पडते, याचा हा हिशेब. म्हणून इरादा जाहीर झाल्याची नोटीस दिसली की त्याच महिन्यात प्रभागाची गल्लीफेरी काढा. शाळा, दवाखाना, बाजार, मोकळी जागा, विहीर, नाला, स्मशानभूमी, रोज वापरातली पायवाट, प्रत्येकाचा फोटो काढून सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर लिहा आणि यादी विकास योजना विभागात आवक करून पोच घ्या.

गोव्यात २००६ मध्ये अधिसूचित झालेला प्रादेशिक आराखडा जनआंदोलनानंतर जानेवारी २००७ मध्ये रद्द झाला. त्यानंतरच्या २०२१ च्या आराखड्यासाठी गावपातळीवरचे नकाशे लोकांपुढे ठेवले गेले. आधी विचारणे आणि मग रेषा ओढणे, हा क्रम एवढ्या किमतीनंतर आला.

फोटोवरून नकाशा वाचणे

मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोत रंग बदललेले असतात. फिकट हिरवा म्हणजे शेती, की हरित पट्टा, की बगीचा, हे ओळखता येत नाही. भाग नकाशाची प्रमाणित प्रत घ्या, सोबत आराखड्याचा अहवालही घ्या. आरक्षणांची यादी, क्षेत्रफळे आणि लोकसंख्येचा अंदाज अहवालात असतो, नकाशावर नव्हे.

मोजमाप स्वतः करा. नकाशा १:५००० प्रमाणाचा असेल तर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५ मीटर. १२ मीटरचा रस्ता नकाशावर जेमतेम २.४ मिलिमीटरचा दिसतो आणि पेनाची अर्ध्या मिलिमीटरची रेघ अडीच मीटर जागा खाते. त्यामुळे 'रस्ता आमच्या भिंतीला लागतो' असे नकाशा पाहून छातीठोक सांगू नका. तुमचा मोजणी नकाशा ('क' प्रत) त्याच प्रमाणात ट्रेसिंग कागदावर काढून डीपीच्या पत्रकावर ठेवा, मग बोला.

इथे एक हमखास चूक होते. पीडीएफ छापताना 'पानावर बसवा' हा पर्याय चालू राहतो आणि प्रमाणच बिघडते. छापल्यावर नकाशातली मापपट्टी फूटपट्टीने मोजा. १:५००० ला ५०० मीटरची पट्टी बरोबर १० सेंटीमीटर भरली पाहिजे. ९.४ भरली तर तो कागद मोजमापासाठी बाद.

नदी-नाल्याजवळच्या वस्तीने पूररेषाही तपासाव्यात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा जलसंपदा विभागाच्या नकाशावरून डीपीत उतरवल्या जातात. उतरवताना सरकल्या असतील, तर मूळ नकाशाची प्रत जोडून दाखवता येते. ही हरकत सहसा टिकते, कारण वाद मताचा नसतो, नकलेचा असतो.

झोन, आरक्षण आणि नियमावलीचा घोळ

'आमचा झोन उठवा' असे लिहिलेले अर्ज पोत्याने येतात, आणि आत तक्रार असते आरक्षणाची. झोन म्हणजे जमिनीचा परवानगीयोग्य वापर: निवासी, वाणिज्य, औद्योगिक, शेती, ना-विकास. आरक्षण म्हणजे ठरावीक भूखंड ठरावीक सार्वजनिक कामासाठी राखणे: शाळा, बगीचा, भाजी मंडई, पार्किंग. शिवाय अस्तित्वातली सुविधा वेगळी दाखवलेली असते. ती नव्याने घ्यायची नसते, आहे तशी टिकवायची असते. यांतले काय बदलायचे ते पहिल्याच ओळीत लिहा.

इमारतीची उंची, चटईक्षेत्र (एफएसआय, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल ते), पार्किंगची संख्या या गोष्टी नकाशात नसतात, नियमावलीत असतात. मुंबई आणि काही अपवाद सोडले तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत नियमावली (यूडीसीपीआर) आहे. त्याविरुद्धची हरकत डीपीच्या सुनावणीत चालत नाही. कचरा उचलत नाहीत, पाणी कमी दाबाने येते, हे तर क्षेत्रीय कार्यालयाचे काम. या तक्रारी घातल्या की मूळ मुद्दाही 'तक्रार' या ढिगात जातो.

'तीव्र विरोध आहे' एवढेच लिहिणे

नेहमीचा अर्ज असा असतो: 'आमच्या भागातील रस्ता रुंद करण्यास नागरिकांचा तीव्र विरोध असून सदर प्रस्ताव रद्द करावा.' समितीला यातून कळत नाही की कोणता रस्ता, कुठून कुठवर, का, आणि त्याऐवजी काय.

तोच अर्ज असा लिहा: 'पत्रक क्र. ७, सर्व्हे नं. ४५/२ ते ४५/६, प्रस्तावित १२ मीटर रस्ता. या रेषेत भोगवटा पत्र मिळालेल्या तीन इमारती येतात (जोडपत्र १ ते ३). विनंती: रेषा १५ मीटर पूर्वेस, सर्व्हे नं. ४६ च्या मोकळ्या कडेने न्यावी, रेखाचित्र सोबत. ते शक्य नसल्यास रुंदी ९ मीटर ठेवावी.' एक मागणी, एक पर्याय, पुरावा जोडलेला. मंजूर बांधकाम नकाशा, प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा पत्र तारखांसह लावा. रेघ ओढताना महापालिकेनेच परवानगी दिलेली इमारत तिच्याखाली आली आहे, हे कागदाने सिद्ध झाले की समितीला हरकत बाजूला टाकणे अवघड जाते.

पण या दुसऱ्या मागणीला एक काटा आहे. रस्ता अरुंद ठेवा म्हणणाऱ्या सोसायटीनेच पाच वर्षांनी पुनर्विकासाला हात घातला की धक्का बसतो. यूडीसीपीआरमध्ये किती टीडीआर (दुसरीकडे सोडलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा बांधकामाचा हक्क) वापरता येईल हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरते, आणि तळमजल्यावर दुकाने काढता येतील का हेही. म्हणजे आज वाचवलेले तीन मीटर उद्या मजल्यांच्या हिशेबात वजा होऊ शकतात. म्हणून ९ की १२ हा प्रश्न सोसायटीच्या सभेत वास्तुविशारदाला बसवून, दोन्ही रुंदींची चटईक्षेत्राची आकडेमोड फळ्यावर मांडूनच ठरवा. भावनेच्या भरात नको.

दुसरा काटा सर्व्हे नं. ४६ चा मालक. तुम्ही रेषा त्याच्या अंगावर ढकललीत आणि त्याला सुनावणीच्या दिवशी कळले, तर तो विरोधात उभा राहणारच. शिवाय बदल मोठ्या स्वरूपाचा ठरला तर कलम २९ खाली पुन्हा नोटीस काढावी लागते, आणि तो खटाटोप टाळण्याकडे यंत्रणेचा कल असतो. त्याच्याशी आधी बोला. तयार असेल तर संमतिपत्र जोडा.

आरक्षणाला विरोध, पण जागा कुठून आणणार ते नाही

बगीच्याचे आरक्षण उठवा म्हटले की समितीचा पहिला प्रश्न असतो, मग तेवढे क्षेत्र कुठे भरून काढायचे? उत्तर तयार हवे. अहवालातला नियोजन निकष बघा, प्रभागाची लोकसंख्या घ्या आणि तूट काढा. पडताळणीला केंद्राची यूआरडीपीएफआय मार्गदर्शक तत्त्वे उपयोगी पडतात. त्यांत ५,००० लोकसंख्येमागे अर्धा हेक्टर आणि १५,००० मागे एक हेक्टर उद्यान धरले आहे. प्रभागात शासकीय किंवा महापालिकेची जागा असेल तर तिचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून तीच पर्याय म्हणून सुचवा. मात्र आधी जाऊन बघा. चढावरची, पोहोचरस्ता नसलेली किंवा उच्चदाब वाहिनीखालची जागा सुचवली तर पहिल्याच प्रश्नात मागणी पडते.

बैठकीत तेच ते चेहरे

नगरसेवकाच्या कार्यालयात मंगळवारी सकाळी अकरा वाजता बैठक ठेवली की निवृत्त मंडळी आणि मालक येतात. भाडेकरू, पथारीवाले, वस्तीतल्या बायका, शाळेचे शिक्षक येत नाहीत. मग 'मंडई नको, वाहतूक कोंडी होते' असा ठराव एकमताने होतो आणि रस्त्यावर भाजी विकणाऱ्या पन्नास जणांना तो महिनाभराने कळतो. ते स्वतंत्र हरकत देतात आणि समितीसमोर एकाच वस्तीचे दोन आवाज उभे राहतात.

दोन बैठका घ्या, एक रविवारी सकाळी, एक कामाच्या दिवशी रात्री साडेआठनंतर, आणि त्यांतली एक तरी वस्तीतच. नकाशा ए-झिरो आकारात छापून टेबलावर पसरा. भिंतीवर लावला तर दोघेच पुढे येऊन बोलतात. एका टेबलाभोवती आठ-दहा माणसे बसवा. हातात कपाळाच्या टिकल्यांची पाकिटे द्या: लाल म्हणजे अडचण, हिरवी म्हणजे टिकवायचे, पिवळी म्हणजे काहीतरी हवे. प्रत्येक टिकलीशेजारी क्रमांक आणि वहीत त्याच क्रमांकापुढे एक वाक्य. टिकल्या लावून झाल्या की नकाशाचा फोटो लगेच काढा. गुंडाळताना निम्म्या गळतात. कोऱ्या कागदावर सह्या मात्र कुणाकडूनही घेऊ नका. मजकूर नंतर बदलल्याचा आरोप झाला की चांगली हरकतही जाते.

मुदत आणि सुनावणी

मुदत राजपत्रातल्या नोटिशीच्या तारखेपासून मोजा, पेपरात बातमी वाचल्यापासून नाही. कायद्यात ती साधारण ३० दिवसांची आहे. मुंबईच्या २०१६ च्या प्रारूपाला ६० दिवस होते. शेवटच्या दिवशी खिडकीवर रांग असते, म्हणून तीन दिवस आधीच द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. तो नसेल तर सुनावणीचे पत्र आले नाही, अशी तक्रारही करता येत नाही.

सुनावणी घेते नियोजन समिती, म्हणजे स्थायी समितीचे तीन सदस्य आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. लेखी हरकत दिलेल्यांनाच बोलावतात. संपूर्ण संच सात प्रतींत न्या, प्रत्येक सदस्यापुढे एक. एकच माणूस बोलेल, बाकीचे मागे बसतील. नकाशा उघडा, बोट ठेवा, मागणी वाचा, पुरावा दाखवा. विकासावर भाषण नको. नवा मुद्दा तिथे काढू नका, तो नोंदीत येत नाही.

सुनावणी झाली म्हणून फाइल बंद करणे

समितीने तुमच्या बाजूने शिफारस केली तरी शासन कलम ३१ खाली वेगळा निर्णय घेऊ शकते. शासनाला मोठे बदल करायचे असतील तर तो भाग वगळून (याला कार्यालयात 'ईपी' म्हणतात) पुन्हा नोटीस काढतात आणि पुन्हा हरकती मागवतात. आधीची हरकत इथे आपोआप लागू होत नाही. ईपीची यादी आल्यावर तुमचा सर्व्हे नंबर शोधा आणि असल्यास नव्याने लिहा. मधल्या काळात तुमच्या क्रमांकावर समितीने काय शिफारस केली, ते माहिती अधिकारात मागून ठेवा.

मंजुरीनंतर धोका येतो तो कलम ३७ च्या छोट्या जाहिरातींतून. 'सर्व्हे नं. अमुक येथील क्रीडांगणाचे आरक्षण वगळून निवासी विभागात समाविष्ट करणे' अशी चार ओळींची नोटीस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर येते, हरकतीला एक महिना. या कलमाखाली आराखड्याचे मूळ स्वरूप बदलता येत नाही, आणि तोच मुद्दा हरकतीत पुढे आणायचा. प्रभागातल्या सगळ्या आरक्षणांची सर्व्हे नंबरनिहाय यादी दोन माणसांकडे असू द्या आणि जाहिराती वाचण्याची पाळी लावा.

खाजगी जमिनीवरचे आरक्षण म्हणजे बगीचा नव्हे, हेही लक्षात ठेवा. आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन घेतली नाही, तर कलम १२७ खाली मालक खरेदी सूचना (जमीन घ्या, अशी नोटीस) देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत महापालिकेने जमीन घेतली नाही किंवा भूसंपादनाची कायदेशीर पावले उचलली नाहीत, तर आरक्षण संपते. नुसता ठराव किंवा पत्रव्यवहार पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केले आहे. तेव्हा आठव्या वर्षापासून दर अंदाजपत्रकाआधी भूसंपादनाच्या तरतुदीत तुमच्या भूखंडाचे नाव आहे का ते बघा, आणि खरेदी सूचना आली आहे का हे विकास योजना विभागाला लेखी विचारा.