निलगिरीच्या क्लोनल रोपवाटिकेत रुजू होताना

वनशास्त्राची पदवी घेऊन निलगिरीच्या क्लोनल, म्हणजे निवडक झाडाच्या कलमांपासून हुबेहूब तशीच रोपं (क्लोन) करणाऱ्या, रोपवाटिकेत आलेली मुलं पहिल्याच दिवशी विचारतात, "सर, आयबीए किती पीपीएमचं लावता?" आयबीए म्हणजे मुळं फुटायला लावायचं संप्रेरक, आणि पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत त्याचे किती भाग. आकडा सांगतो मी, पण तो सगळ्यात शेवटी कामाला येतो. विदर्भातल्या रोपवाटिकांत इतकी वर्षं काढल्यावर माझं मत पक्कं झालंय: छाट कलमाला, म्हणजे कापून लावलेल्या तुकड्याला, मुळं फुटणार की नाही, हे बरंचसं फुटवा (बुंध्यातून आलेला नवा कोंब) कापतानाच ठरलेलं असतं.

मोठ्या निलगिरीच्या शेंड्याची फांदी आणा आणि तिला हवं तेवढं संप्रेरक चोपडा, ती हिरवी राहील आणि मग वाळेल. ऑस्ट्रेलियातल्या पेटन आणि सहकाऱ्यांनी 1970 साली निलगिरीच्या ग्रँडिस जातीवर काम करून दाखवलं की जून भागात मुळांना अडवणारं द्रव्य असतं आणि कोवळ्या रोपाच्या खालच्या पेरांची कलमं मात्र सहज धरतात. झाडाला परत कोवळं करायचं, तर ते जमिनीलगत तोडावं लागतं. सगळ्या प्लॉटमधलं सरळ, उंच, निरोगी झाड निवडायचं आणि त्यालाच करवत लावायची, हे नव्या माणसाच्या जिवावर येतं. पण बुंध्यातून येणारे फुटवे रोपासारखे वागतात आणि त्यांना मुळं धरतात. ब्राझीलच्या अराक्रूझ कंपनीच्या चमूला वनक्षेत्रातलं 1984 चं वॉलेनबर्ग पारितोषिक मिळालं, त्यामागे हेच तंत्र होतं. आपल्याकडे शेतकरी ज्यांना 'भद्राचलम क्लोन' म्हणतात, तेही याच वाटेने आले.

फुटवा ओळखायला मला शिकवलं ते कलमं कापणाऱ्या बायकांनी. हातात घेऊन हलकासा वाकवला की त्या सांगतात, "हा जून झाला, टाका." दीड-दोन महिन्यांचा फुटवा साधारण बरा. फार कोवळा घेतला तर मिस्टमध्ये (बारीक फवाऱ्याच्या दमट खोलीत) सडतो, लाकूड धरलेला घेतला तर नुसता बसून राहतो. वरचा लुसलुशीत शेंडा काढून टाकायचा, मधल्या भागाची दोन पेरांची कलमं करायची आणि पानं निम्मी कापायची. पानं पूर्ण काढू नका. मुळांसाठी लागणारी साखर तीच पुरवतात. फुटवे सकाळी लवकर तोडायचे, लगेच पाण्याच्या बादलीत ठेवायचे. चंद्रपूरकडच्या उन्हात बादली अर्धा तास उघड्यावर राहिली तरी त्या दिवसाची मेहनत पाण्यात.

आता संप्रेरक. आयबीए म्हणजे इंडोल ब्युटिरिक ॲसिड. ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाही, आधी अल्कोहोलमध्ये विरघळवावं लागतं. 4000 पीपीएमची पावडर हवी असेल तर 4 ग्रॅम आयबीए अल्कोहोलमध्ये विरघळवून 1 किलो टाल्कम पावडरीत कालवा, सावलीत वाळवा, चाळून घ्या. हे गणित पाठ असू द्या, मुलाखतीत हमखास विचारतात. टेरेटिकॉर्निस आणि कॅमाल्डुलेन्सिस या निलगिरीच्या जातींच्या क्लोनना काही हजार पीपीएम लागतं, पण एका क्लोनला चाललेला आकडा दुसऱ्याला चालेलच असं नाही. प्रत्येक नव्या क्लोनची छोटी चाचणी घ्या आणि तिच्यात संप्रेरक न लावलेली एक ओळ ठेवाच. ती ओळ लोक ट्रे वाचवायला गाळतात, आणि मग आयबीएने नेमकं काय केलं हे कुणालाच सांगता येत नाही. जास्त झालं तर बूड काळं पडतं, पानं गळतात. कधी बुडाशी नुसती पांढरी गाठ धरते आणि मूळ येत नाही. अशा वेळी लगेच डोस वाढवायची घाई नको, आधी मातृबागेत (फुटव्यांसाठी राखलेल्या झाडांच्या बागेत) जाऊन फुटवे किती जून झालेत ते बघा.

काही झाडं मात्र कशानेच ऐकत नाहीत. उटीला जिचं तेल मिळतं ती ग्लोब्युलस जात कलमाला अवघड, म्हणून परदेशातही तिच्या लागवडीत बियाण्याची रोपं बरीच वापरतात. टेरेटिकॉर्निसमध्येसुद्धा लाकडाला उत्तम पण मुळं न धरणारा क्लोन निघतो. तो कितीही आवडला तरी व्यापारी रोपवाटिकेला परवडत नाही.

मिस्ट चेंबरबद्दल फार लिहीत नाही, ते हाताखालीच शिकाल. दमट, उबदार हवा आणि पाण्याचा निचरा होणारं माध्यम, एवढं सांभाळलं तर तीन-चार आठवड्यांत रूट ट्रेनरच्या (रोप वाढवायच्या प्लास्टिकच्या खोल कपाच्या) तळाशी पांढरी मुळं दिसतात. मग शेडनेट, मग उघडं ऊन. बाहेर काढायची घाई केली तर मुळं धरलेली रोपंही मरतात.

या नोकरीत खुर्ची कमी आणि चिखल जास्त. पहिलं वर्ष मातृबागेवर द्यायला सांगा, साहेब लॅबमध्ये बसवत असले तरी. आणि वहीत रोजच्या रोज क्लोनचा नंबर, फुटव्याचं वय, डोस आणि महिन्याभराने मोजलेली मुळं लिहा. कंपनी बदलताना पदवीच्या कागदापेक्षा ही आकडेवारी समजावून सांगता येणं जास्त उपयोगी पडतं.