इंग्रजी वाक्य क्रियापदापाशीच मोडतं: नवशिक्यांनो, या चुका टाळा

इंग्रजी व्याकरण शिकायला बसलेला माणूस कोरी वही आणतो आणि पहिल्या पानावर बारा काळांचा तक्ता काढतो. तीन काळ, प्रत्येकाचे चार प्रकार, पट्टीने आखलेल्या रेघा, खाली लाल शाईत सूत्रं. आठवडाभरात तक्ता तोंडपाठ होतो. मग मी सांगते, ‘काल संध्याकाळी काय काय केलंत, ते पाच वाक्यांत लिहा.’ आणि पेन थांबतं.

मराठी माध्यमातून आलेली मुलं आणि नोकरीला लागल्यावर पुन्हा इंग्रजीकडे वळलेली मोठी माणसं, दोघांनाही मी शिकवते. राज्यातल्या मराठी शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीत सुरू व्हायचं. पाचवीवाले असोत की पहिलीवाले, वह्यांमधल्या चुका त्याच. म्हणजे किती वर्षं शिकलो हा प्रश्नच नाही. वाक्य मनात मराठीत पूर्ण तयार होतं आणि मग त्यातला एकेक शब्द बदलला जातो. शब्द बदलून भागतं, क्रियापद तसं बदलता येत नाही. मराठी क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि कर्ता कोण, एक की अनेक, हे बरेचदा स्वतःच्या रूपातूनच सांगतं. इंग्रजीत ते कर्त्याच्या पाठोपाठ येतं, आणि मराठीत जे प्रत्ययांनी होतं त्यातलं बरंचसं तिथे ‘अ‍ॅम’, ‘इज’, ‘डू’, ‘हॅव’, ‘हॅड’ असे सुटे सहायक करतात. नवशिक्यांची बहुतेक वाक्यं याच जागी मोडतात. म्हणून मी सुरुवातीला बाकी सगळं बाजूला ठेवते आणि क्रियापद धरते.

जिथे तिथे ‘हॅड’

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टरडे.’ ‘आय हॅड कॉल्ड यू इन द मॉर्निंग.’ चांगली शिकलेली, कार्यालयात रोज इंग्रजी वापरणारी माणसंही हे लिहितात, आणि त्यांना कुणी टोकत नाही, कारण वाचणाऱ्याच्याही मनात तेच मराठी असतं.

आपण म्हणतो, ‘काल मी पुण्याला गेलो होतो.’ गेलो, काम झालं, परत आलो, एवढं सगळं त्या ‘होतो’मध्ये आहे, आणि मराठीत ते अगदी बरोबर आहे. इंग्रजीला त्यासाठी ‘हॅड’ लागत नाही. तिथे ‘आय वेंट टू पुणे यस्टरडे’ एवढं पुरतं. ‘हॅड’ येतो तो भूतकाळातल्या एका गोष्टीच्याही आधी दुसरी गोष्ट घडून गेली होती, हे सांगायचं असेल तेव्हा. मी स्टँडवर पोहोचलो, पण त्याच्या आधीच एसटी गेली होती: ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.’ इथे दोन घटना आहेत आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

एका कारखान्यात देखभाल विभागात काम करणारा एक तरुण माझ्याकडे यायचा. कामात पक्का, मशीनचा आवाज ऐकून बिघाड सांगणारा. त्यांचं एक गिऱ्हाईक जर्मनीत होतं. पंपाची तक्रार होती, सोमवारी पंप दुरुस्त झाला, आणि याने मेल टाकली: ‘वी हॅड रिपेअर्ड द पंप ऑन मंडे.’ मनात साधंच वाक्य होतं, ‘सोमवारी आम्ही पंप दुरुस्त केला होता.’ तिकडून उलट विचारणा आली: मग पुढे काय झालं? पंप पुन्हा बंद पडला का? याने उत्तर दिलं, ‘नो सर, वी हॅड टेस्टेड इट ऑल्सो.’ आता समोरच्याला खात्रीच पटली की काहीतरी लपवलं जातंय. फोन झाले, व्यवस्थापक मध्ये पडले, बैठक लागली. पंप या सगळ्या वेळात व्यवस्थित चालू होता.

तो माझ्याकडे आला तेव्हा गिऱ्हाईक किरकिरं आहे अशीच त्याची समजूत होती. आम्ही दोन्ही मेली समोर ठेवल्या, दोन्ही ‘हॅड’ खोडले आणि वाक्यं पुन्हा लिहिली: ‘वी रिपेअर्ड द पंप ऑन मंडे. वी टेस्टेड इट. इट इज वर्किंग.’ तिसरं वाक्य आधीच्या मेलींमध्ये नव्हतंच. पंप आत्ता चालू आहे की नाही, हे ऐकायला समोरचा थांबला होता, आणि आपला माणूस दोन्ही वेळा भूतकाळातच राहिला होता.

यावर माझी सवय एकच आहे. स्वतःच्या लिखाणात ‘हॅड’ दिसला की विचारायचं, ‘कशाच्या आधी?’ उत्तर त्याच वाक्यात किंवा लगतच्या वाक्यात सापडलं तर ‘हॅड’ ठेवा. नाही सापडलं तर खोडा आणि साधा भूतकाळ लिहा. ‘आय हॅड फीव्हर’, ‘वी हॅड टी’ यातला ‘हॅड’ वेगळा, तो मुख्य क्रियापद आहे, त्याला हात लावू नका.

‘डिड यू वेंट’ आणि त्याची भावंडं

‘डिड यू वेंट?’ ‘ही डझन्ट नोज.’ ‘आय डिडन्ट गॉट द मेसेज.’ ‘शी कॅन स्पीक्स.’ ही चार वेगळी वाटणारी वाक्यं एकाच ठिकाणी चुकतात, आणि लोक त्यांच्यासाठी चार नियम पाठ करत बसतात.

मराठीत प्रश्न करायला वाक्य हलवावं लागत नाही. ‘तो सांगलीत राहतो’ याच्या शेवटी ‘का’ लावला की झाला प्रश्न. इंग्रजीत मात्र सहायकाला उचलून कर्त्याच्या पुढे आणावं लागतं. ‘ही इज कमिंग’ याचा प्रश्न ‘इज ही कमिंग?’ सहायक आधीच होता, फक्त जागा बदलली. पण ‘ही लिव्ह्ज इन सांगली’ यात सहायक नाही. मग ‘डू’ला बोलवावं लागतं, आणि ‘डू’ येताना क्रियापदाच्या अंगावरचा ‘एस’ काढून स्वतःला लावून घेतो: ‘डझ ही लिव्ह इन सांगली?’ नीट बघा, ‘लिव्ह्ज’चा ‘लिव्ह’ झाला. भूतकाळातही हेच. ‘ही वेंट टू सांगली’ याचा प्रश्न ‘डिड ही गो टू सांगली?’ भूतकाळ ‘डिड’मध्ये गेला, क्रियापद पुन्हा मूळ रूपात. नकार करतानाही तसंच, ‘ही डिडन्ट गो.’

काळाची खूण एकदाच, आणि ती सहायक व क्रियापद यांच्यातल्या पहिल्या शब्दावर. ‘कॅन’, ‘विल’, ‘शुड’, ‘मस्ट’ यांच्यानंतरही क्रियापद मूळ रूपातच येतं.

मी वहीत असं करायला लावते: आधी साधं विधान लिहा. त्यातल्या सहायकाभोवती गोल करा. गोल सापडला तर तो पुढे आणा. नाही सापडला तर ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ यांतला एक आणा आणि क्रियापद मूळ रूपात लिहा. रोज दहा वाक्यं, हाताने. मोबाइलवर टाइप करून नाही. तिथे यंत्र पुढचा शब्द सुचवतं आणि तुमच्या डोक्याला काम उरत नाही. शिकणारे पहिल्या आठवड्यात कंटाळतात, ‘हे तर पाचवीचं आहे’ म्हणतात. पाचवीचंच आहे. पण तेच लोक दुसऱ्या दिवशी ‘व्हाय यू आर लेट?’ आणि ‘व्हेअर यू वेंट?’ म्हणतात, म्हणून मी सोडत नाही.

याच कुळातली उलटी चूक म्हणजे ‘आय अ‍ॅम गो’, ‘आय अ‍ॅम अ‍ॅग्री’. ‘मी जात आहे’, ‘मला मान्य आहे’ यातल्या ‘आहे’साठी ‘अ‍ॅम’ घातला जातो. ‘अ‍ॅग्री’ स्वतःच क्रियापद आहे, ‘आय अ‍ॅग्री’ म्हणा. ‘गो’ला ‘अ‍ॅम’ हवाच असेल तर ‘गोइंग’ लिहा.

जोडीतला एकच ठेवा

मराठी वाक्य जोड्यांनी चालतं. जरी आणि तरी, जेव्हा आणि तेव्हा, ज्याअर्थी आणि त्याअर्थी. एक आला की दुसऱ्याची वाट बघायची आपल्या कानाला सवय असते. त्यातून ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ आणि ‘अ‍ॅज आय वॉज सिक, सो आय डिड नॉट कम’ अशी वाक्यं येतात. रजेच्या अर्जात तर दुसरं वाक्य हमखास सापडतं. इंग्रजीत यातला एकच शब्द लागतो. ‘ऑलदो’ ठेवला तर ‘बट’ काढा, ‘बट’ हवा असेल तर ‘ऑलदो’ काढा. वाक्य मोठ्याने वाचून बघा. कान आधी तक्रार करील, तरी ते तसंच ठेवा.

‘सिन्स’

‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ यात चुका दोन आहेत, लोक एकच दुरुस्त करतात. आपला ‘पासून’ सोमवारलाही लागतो आणि पाच वर्षांनाही. इंग्रजीत ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण हवा: ‘सिन्स मंडे’, ‘सिन्स २०१९’. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’: ‘फॉर फाइव्ह इयर्स’. दुसरी चूक काळाची. तेव्हा सुरू झालं आणि अजून चालू आहे, म्हणून ‘आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’.

बाकीच्या, थोडक्यात

कर्ता गाळू नका. ‘पोहोचलो’ एवढं लिहून मराठीत वाक्य होतं, ‘रीच्ड’ एवढ्याने इंग्रजीत होत नाही. पावसालाही कर्ता लागतो: ‘इट इज रेनिंग’.

‘अ’ की ‘अ‍ॅन’, हे स्पेलिंगवरून ठरवू नका, उच्चारावरून ठरवा. ‘अ‍ॅन अवर’, ‘अ युनिव्हर्सिटी’, आणि आपल्या रोजच्या वापरातलं म्हणजे ‘अ‍ॅन एस.टी. बस’, ‘अ‍ॅन एम.एल.ए.’

‘डिस्कस अबाउट’ नाही, नुसतं ‘डिस्कस’.

‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’ यांना ‘एस’ लावायचा नाही.

‘वन ऑफ माय फ्रेंड’ चुकीचं. ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’, आणि पुढचं क्रियापद एकवचनी.

‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ नको. ‘यस्टरडे’ आलं की साधा भूतकाळ.

‘मायसेल्फ सुनील’ असं म्हणून ओळख करून देऊ नका, ‘आय अ‍ॅम सुनील’ म्हणा.

‘कझिन ब्रदर’वरून मात्र कुणी तुम्हाला हसत असेल तर मनावर घेऊ नका. चुलतभाऊ की मामेबहीण हे सांगायची आपल्याला सवय आहे आणि भारतात ते सगळ्यांना कळतं. परदेशी माणसाला लिहिताना नुसतं ‘कझिन’ लिहा. आधी क्रियापद नीट करा, हे नंतर बघता येईल.

घाई आणि पळवाटा

‘तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी’च्या जाहिराती बघून पैसे भरलेले लोक माझ्याकडे नंतर येतात. त्यांना दोनशे तयार वाक्यं पाठ असतात. दोनशे एकावं वाक्य लागलं की ते अडतात, आणि वाईट म्हणजे आपल्यालाच भाषा येत नाही असं समजून बसतात. माझा राग त्या लोकांवर नाही, अशा आश्वासनांवर आहे.

शाळेनेही थोडं नुकसान केलं आहे. दहावीला ‘रिमूव्ह टू’ (वाक्यातला ‘too’ काढा) आणि ‘चेंज द व्हॉइस’ (प्रयोग बदला) यांत पूर्ण गुण घेतलेली मुलं मी बघते. दिलेलं वाक्य ती झटकन उलटं करतात, पण स्वतःचं वाक्य लिहा म्हटलं की हात आखडतात. पॅसिव्ह व्हॉइस शिकवा म्हणून हट्ट धरणाऱ्या नवशिक्याला मी आधी महिनाभर साध्या वर्तमानात आणि साध्या भूतकाळातच लिहायला लावते. बारा काळांच्या तक्त्यातले पाच-सहाच काळ रोजच्या बोलण्यात लागतात. ‘फ्युचर परफेक्ट कंटिन्युअस’ शिकला नाहीत म्हणून काही बिघडत नाही.

भाषांतराचं अ‍ॅप वापरायला माझी हरकत नाही, पण क्रम उलटा नको. आधी वाक्य स्वतः लिहा, मग अ‍ॅपचं बघा, आणि दोन्हींतली क्रियापदं शेजारी ठेवा. फरक कुठे आहे आणि का आहे, हे सांगता आलं तरच ते वाक्य तुमचं झालं.

लिहून झाल्यावर लगेच तपासू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडा. पहिल्या फेरीत प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. एखाद्या वाक्यात रेघच आली नाही तर ते वाक्य अपुरं आहे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक रेघेच्या डावीकडे कर्ता शोधा, आणि कर्ता ‘ही’, ‘शी’, ‘इट’ किंवा एखादं नाव असेल तर साध्या वर्तमानात ‘एस’ लागलाय का ते बघा. तिसऱ्या फेरीत ‘हॅड’ आणि ‘डिड’ तेवढे तपासा. एका पानाला दहा मिनिटं लागतात. स्पेलिंग त्यानंतर.